मायच्या हाताची माप-वही

17 नोव्हेंबर 2024, रविवार

काम सुरू. कामाचं नाव: मायचा स्वयंपाक मोजून लिहून काढणे. मुदत: पुढची आखाजी (अक्षय्य तृतीया), फार तर आषाढ. अंदाजपत्रक: नाही.

झालं असं, की दिवाळी करून पुण्याला परत गेलेल्या लेकीचा फोन आला. "पप्पा, आजीला विचारा, कळण्याच्या भाकरीत पाणी किती घालायचं?" मी मायला विचारलं. माय म्हणाली, "पीठ मांगीन तितकं." लेक म्हणाली, "मिलीलिटरमध्ये सांगा ना." दोघींच्या मध्ये मी फोन धरून उभा. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात मोजमाप पुस्तकं भरली. काँक्रीटमध्ये पाणी किती, भरावाच्या मातीत ओल किती, सगळं आकड्यात. आणि घरची भाकरी मात्र आजवर कोणी मोजलेली नाही.

साहित्य: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एक लिटरचं मोजपात्र, कोरं मोजमाप पुस्तक (खात्याचं नाही, बाजारातून विकत घेतलेलं, हे लिहून ठेवलेलं बरं).

अटी अशा. त्या महिन्यात शेतात आणि बाजारात जे असेल तेच करायचं. पुडीचा मसाला आणायचा नाही. तिसरी अट मायची: "मी करीन ते पाहजो. मधात बोलजो नको."

माय एकोणऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत, ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून करते. हात मात्र चालू आहेत.

24 नोव्हेंबर

कळणा, म्हणजे ज्वारी-उडदाचं भरड पीठ. मायच्या तोंडी कयना.

ज्वारी 4 किलो, अख्खे काळे उडीद 1 किलो, मीठ. ज्वारी दादर जातीची, यावल तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानातली, फेब्रुवारीत काढलेली. उडीद यंदाचे. मीठ दोन मुठी.

मायला मूठ काट्यावर रिकामी करायला लावली. पहिली 49 ग्रॅम, दुसरी 47. संशय नको म्हणून आणखी तीनदा भरायला लावली. 46 च्या खाली नाही, 49 च्या वर नाही. माझी मूठ भरली 71, हिची, म्हणजे बायकोची, 55. लेकीला फोनवर "दोन मुठी" सांगितलं असतं तर तिनं तिच्या मुठीनं टाकलं असतं, आणि खापर आजीवर फुटलं असतं. वहीत लिहिलं: मीठ 96 ग्रॅम.

गिरणीत नंबर लागला तेव्हा आधीच्या माणसाचे गहू दळून झालेले. मायनं निघताना बजावलं होतं, गव्हावर दळू नको. म्हणून मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं, त्यांची ज्वारी होती. गिरणीवाल्यानं विचारलं, "साहेब, घाई नाही का?" म्हटलं, रिटायर झालोय. पीठ चिमटीत धरलं की बारीक रवा लागावा, इतपत भरड.

संध्याकाळी भाकरी. पीठ 200 ग्रॅम, पाणी 150 मिली, मी मळलं, मी थापलं. कडा फुटल्या. तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तालुके झाले. मायनं गोळा ओढून घेतला, चुळकाभर पाणी शिंपडलं, आणि तळहाताच्या टाचेनं रगडत बसली. घड्याळ लावलं: चार मिनिटं दहा सेकंद. मोजपात्रात उरलेलं पाणी बघितलं तर एकूण 172 मिली गेलेलं. तिची भाकरी फुगली, माझी कुत्र्यानंही वास घेऊन सोडली. (पावसाळ्यात त्यानं बूट खाल्ला होता.)

नोंद: पीठ 200, पाणी 172, मळणे चार मिनिटं. काम फत्ते, असं वाटलं.

6 डिसेंबर

फत्ते नव्हतं. त्याच डब्यातलं पीठ, तेच 200 ग्रॅम, तेच 172 मिली, चार मिनिटं मळलं. कडा परत फुटल्या.

माय म्हणाली, पीठ बारा दिवसांचं झालं, आता गरम पाणी घे. घेतलं. जमलं. कारण मला नंतर उमगलं. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. कळण्याला धरून ठेवतो तो उडदाचा बुळबुळीतपणा आणि मळणाऱ्याचा हात. पीठ जुनं झालं की विरतं, मग गरम पाण्यानं त्यातला थोडा भाग खळीसारखा होतो आणि बाकीच्याला बांधतो. मायला खळीबिळी माहीत नाही. तिला विचारलं, गरम म्हणजे किती गरम? तर म्हणे बोट घालवलं पाहिजे, ठेवता आलं नाही पाहिजे.

वहीत एक रकाना वाढवला: पीठ किती दिवसांचं.

7 डिसेंबर, चंपाषष्ठी

आषाढी एकादशीपासून आमच्या घरात वांगं येत नाही. चातुर्मास संपला तरी माय वाट बघायला लावते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपण खायचं. खान्देशात भरिताचा खरा मोसम इथून चढतो. शेतात, मळ्यात, कुठंही गेलात तरी काटक्यांचा धूर आणि केळीच्या पानावर भरीत.

वांगी आदल्या संध्याकाळी आणली. आसोद्याकडची, हिरवट पांढरी, हातभर नाही पण वीतभर तरी लांब. पुण्याला मिळतात ती जांभळी नव्हेत. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच साली. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग भाव वाढीन."

मी आणलेल्या पहिल्या पिशवीतली निम्मी वांगी तिनं बाजूला काढली. "याच्यात बी पडेल हाय." न कापता कसं कळलं? एक आणि दुसरं हातावर तोललं, बस. मी दोन घेतली, टेपनं मोजली, लांबी-घेर जवळजवळ सारखा. एक 530 ग्रॅम, दुसरं 440. दोन्ही कापली. जड होतं त्यात बी काळपट, भरगच्च. हलकं होतं त्यात पांढरा गर आणि बी अगदी कोवळं, दिसेल न दिसेल असं. दोन वांगी वाया गेली असं ही म्हणाली. मी म्हटलं चाचणी नमुन्याचा खर्च धरावा लागतो. (त्यांची रात्री भाजी झाली, तेव्हा वायाही नाही. नैवेद्याआधी वांगं खाल्लं म्हणून मायनं मला वाढताना डोळे वटारले, स्वतः खाल्लं नाही.)

भाजायला पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या. यंदाचा कापूस अजून शेतात उभा आहे, म्हणजे जळण मागच्या वर्षीचं, गोठ्यामागं रचून ठेवलेलं, खडखडीत. पऱ्हाटी बारीक असते, धडाडून पेटते, आच एकदम लागते. साल करपते आणि आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो. जाड लाकडावर हे होत नाही, ते नुसतं धुमसतं.

वांग्यांना टोचे मारायचे असतात. मी आठांना मारले. नववं राहिलं. ते फुटलं तेव्हा मी वाकून वेळ लिहीत होतो. वहीच्या त्या पानावर अजून वांगं आहे.

सोलून गर बडगीत. आमची बडगी लाकडाची, आजोबांच्या काळची, आतून इतकी गुळगुळीत झालेली की पाणी टाकलं तर थेंब धावतात. आधी तेलावर परतलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, त्यावर गर, आणि लाकडी दांडक्यानं घोटायचं नाही तर ठेचायचं. मिक्सरमध्ये गराचा पार लगदा होतो. ठेचला की दोरे राहतात, आणि दातांना ते दोरेच लागले पाहिजेत. मग फोडणी. तेलात जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, नंतर भरीत, वरून कोथिंबीर. हळद नाही. टमाटा तर नाहीच. टमाटा घातलेलं भरीत मी खाल्लंय, नातेवाईकाचं घर असल्यामुळे नाव लिहीत नाही.

मापं: वांगी 9 नग, 4 किलो 120 ग्रॅम. सोललेला गर 2 किलो 540. मिरच्या 160, लसूण 110, पात 400, तेल 220, दाणे 120, खोबरं 80, कोथिंबीर 100, मीठ 42. माणसं अकरा. उरलं काही नाही. कळण्याच्या पुऱ्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं, कारण मीही जेवत होतो.

9 डिसेंबर

तेच भरीत गॅसवर करून पाहिलं, कारण पुण्याच्या फ्लॅटमध्ये पऱ्हाट्या कुठून येणार. एक किलोला 35 मिनिटं लागली. चव बरी. धूर नाही. मायनं दोन घास खाल्ले आणि ताक मागितलं.

12 जानेवारी 2025

घोळाणा. याला शिजवणं नाही, म्हणून प्रकल्पात धरायचं की नाही असा प्रश्न होता. धरलं.

हरभऱ्याचे कोवळे शेंडे सकाळी खुडले. हात आंबट झाले. हरभऱ्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर पडतं, दव पडलं की ते बोटांना लागतं. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. म्हणून पाला घसाघसा धुवायचा नाही, धुतला की चव नळातून गेली. शेंडे बारीक चिरून त्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, मीठ आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल. बस. पाला 150 ग्रॅम, तेल 20. हरभरा फुलोऱ्यात गेला की पाला जून होतो, म्हणून हे करायचे दिवस तीन आठवडे, फार तर चार.

लेक म्हणाली, पुण्यात हा पाला मिळतो का बघते. मिळाला तर तो किती वेळा धुतलेला असेल कोण जाणे.

16 फेब्रुवारी

वर्षाचा मसाला. मिरची दरवर्षी नंदुरबारकडची असते. तिथं बाजाराबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घालतात. लाल जमीन कुठवर आणि आभाळ कुठून सुरू, कळत नाही, आणि रस्त्यावरून गाडी गेली तरी आतली माणसं शिंकतात. यंदा मला जायला जमलं नाही, इथल्याच एका दुकानातून पाच किलो घेतली.

घरी आणली. मायनं मूठभर मिरच्या कानापाशी नेऊन हलवल्या. "आयक." मी ऐकलं. काही ऐकू आलं नाही. "तेच तं. वाजत नही. वल्ली हाय."

वाळलेल्या मिरचीत बी सुटं होतं, खुळखुळ्यासारखं वाजतं. ही गप्प होती. गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं, परत तोलली: 4 किलो 370 ग्रॅम. म्हणजे 630 ग्रॅम पाणी मी मिरचीच्या भावानं विकत घेतलं. खात्यात असतो तर वाळूचा असा ट्रक परत पाठवला असता. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, साहेब हवेत दमटपणा आहे. फेब्रुवारीत, जळगावात! वाद घातला नाही. पुढच्या खरेदीसाठी वहीत चाचणी लिहून ठेवली: कानापाशी हलवणे.

दुसऱ्या दिवशी हलवली तेव्हा वाजली.

मसाला: मिरची 4 किलो 370, धणे 2 किलो, सुकं खोबरं 1 किलो, वाळवलेला कांदा 1 किलो, तीळ पाव किलो, खडा मसाला सगळा मिळून 400 ग्रॅम. खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजायचं, तिथं हात आखडायचा नाही. शेवेच्या भाजीचा रंग तिथून येतो. जो तेलातून आणायला जातो तो फक्त तेल खातो.

23 मार्च

नवी दादर घरात आली. सहा पोती. कळण्याचा जुना हिशोब पुन्हा तपासला: नव्या ज्वारीचं ताजं पीठ 200 ग्रॅम, पाणी 160 मध्येच बसलं. रकाना वाढवला: ज्वारी नवी की जुनी.

3 ते 6 एप्रिल

ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड. गुरुवारी सुरू, रविवारी गच्चीवर.

ज्वारी 5 किलो. आधी पाण्याचा हात लावून कोंडा काढायचा. माय उखळात कांडायची, आम्ही गिरणीतून सडून आणली. मग पाण्यात तीन दिवस, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी वास येतो. हिनं विचारलं, "हे बिघडलं तर नाही ना?" मायनं वास घेतला आणि नुसती मान हलवली. आंबट वास हवा, कुबट नको. या दोन वासांतला फरक लिहायला मला वाक्य सापडलेलं नाही. दही आणि ओलं पोतं, एवढं लिहिलंय.

रविवारी पहाटे चारला चूल पेटली. वाटलेली ज्वारी, पाणी, मीठ, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण, लाल तिखट, चिमूट पापडखार. ढवळायला शेजारच्या दोन काकू आणि ही, पाळीपाळीनं. मी पातेल्याच्या काठाला उभा राहून घाटा किती घट्ट हवा ते मोजायचा प्रयत्न केला. काँक्रीटची आम्ही घसरण चाचणी घेतो: शंकूत भरायचं, शंकू उचलायचा, ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. स्टीलचा पेला घेतला, घाट्यानं भरला, ताटात उलटा केला, उचलला. पहिल्यांदा 4 सेंटीमीटर बसला. मायनं बघितलं, म्हणाली अजून आटू दे. पंधरा मिनिटांनी 2 सेंटीमीटर. "आता टाका." एका काकूंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही पुलाला पण पेला लावायचे का?" सगळ्या हसल्या. पण आकडा मिळाला, आणि सबंध वहीत मला याच आकड्याचा सर्वांत अभिमान आहे.

मीठ: माझ्या जिभेला कमी लागलं, तसं म्हणालो. माय: "कमीच लागू दे. ऊन वाढवते मीठ." बरोबर. पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं.

जुनं धोतर ओलं करून गच्चीवर अंथरलं. ओल्या हातानं गोळा घेऊन थापायचा, तळहाताएवढा, मध्ये पातळ आणि कडेला जाड असं नाही, सगळीकडे सारखा. माझे थापलेले बिबडे वेगळ्या कोपऱ्यात टाकायला लावले. दुपारी 43 अंश होतं. माझ्याकडे कावळे हाकलायचं काम आलं.

घाटा: एकूण शिजलेल्यातला अंदाजे दीड किलो गच्चीवर पोचलाच नाही. वाटीत घेऊन वर कच्चं तेल घालून खाल्ला गेला. खाणाऱ्यांत मोजणाराही होता.

दुसऱ्या दिवशी धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडे सुटतात. 231 नग. वाळल्यावर वजन 4 किलो 100. पैकी माझे 19, ओळखू येतात.

30 एप्रिल, आखाजी

लेक चार दिवसांची रजा काढून आली. आखाजीला लेकीनं माहेरी यायचंच, नोकरी पुण्यात असो की आणखी कुठं. सकाळी पितरांची घागर भरली, आंबे ठेवले. मायच्या राज्यात आखाजीआधी आंबा खात नाहीत. पितरांच्या आधी आपण कसं खायचं? मी मार्चपासून बाजारात हापूस बघत होतो आणि गप्प होतो.

खापरावरचे मांडे. इथं मी हात टेकले, हे आधीच लिहितो.

गहू 3 किलो, ओलावून दळलेले, वस्त्रगाळ केलं तेव्हा 1 किलो 900 पीठ हाताला लागलं. बाकीच्याचा सांजा झाला. कणीक सैल, पाणी लावून आपटायची, परत पाणी, परत आपटायची. ओढली की दोरीसारखी लांबली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. इथं गव्हाचा चिकटा कामाला येतो, ज्वारीत जो नाही तो. लेकीनं आणि मी मिळून 40 मिनिटं आपटलं. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर येऊन विचारून गेले.

पुरण: हरभरा डाळ 1 किलो, साखर 1 किलो, वेलची, जायफळ. पाट्यावर वाटलेलं, कारण एक कणी राहिली तर मांडा तिथंच फाटतो.

मायला आता उभं राहवत नाही, म्हणून मांडे टाकायला शेजारच्या काकू. दोन वाट्या कणकेत पुरण भरून गोळा पुरीएवढा लाटला, मग उचलला हातांवर. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात, त्यावर मांडा या हातावरून त्या हातावर, दर फेरीला वाढत जातो. बांगड्या काढून ठेवलेल्या. अकरा फेऱ्या मोजल्या. मग पालथ्या खापरावर अलगद. टेप लावली: 58 सेंटीमीटर, आणि त्यातून खापराचा रंग दिसत होता.

मी केला तो चौथ्या फेरीला कोपरावरून घसरून खाली आला. लेकीनं तीन केले, तिसरा खापरापर्यंत पोचला. माय स्टुलावरून बघत होती. लेकीचा दंड धरून तिनं कोपर जरा वर उचललं, इतकंच. चौथा झाला. 41 सेंटीमीटर, एका बाजूला जाड, पण झाला.

मी विचारलं, कोपर किती अंशात? कोणी उत्तर दिलं नाही.

गावरान आंब्याचा रस, मांडा, वर तूप. दुपारी सगळं घर आडवं. वही मी संध्याकाळी उघडली.

9 मे

अवकाळी. रात्री गच्चीवरून कुरडया उचलताना अर्ध्या भिजल्या. बिबड्यांचा डबा खालच्या खोलीत हलवला. कुरडयांची मापं लिहायची होती, पण जे वाळलंच नाही त्याचं वजन काय लिहू.

15 जून

लेकीचा फोन. माझ्या कागदावरून तिनं पुण्यात भरीत केलं. वांगी 1 किलो, मिरच्या 39 ग्रॅम, लसूण 27, तेल 53. सगळं माझ्या आकड्यांना भागून बरोब्बर. काट्यावर मोजलं. पाणी सुटलं, कडवट झालं, बी दाताखाली. तिनं फोटो पाठवला. जांभळी वांगी, जून महिना, गॅस.

"पप्पा, तुमचं माप चुकलंय."

माप चुकलेलं नाही, असं मी तिला दहा मिनिटं समजावलं. माय शेजारी लसूण सोलत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुह्या वहीत महिना लिहेल हाय का?"

नव्हता. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, पण ती मी केव्हा मोजलं त्याची. कृतीच्या कागदावर ती गेलीच नव्हती. वांगी कुठली, बी किती, थंडी होती की नाही, जळण काय, यातलं काहीच कागदावर नव्हतं. खात्यात आम्ही प्रत्येक काँक्रीटच्या नोंदीत सिमेंट कुठल्या दिवशी आलं, वाळू कुठल्या नाल्याची, ते आधी लिहायचो आणि प्रमाण नंतर. ते मला ठाऊक होतं. घरात ते लागू होईल हे सुचलं नाही.

4 जुलै, कांदेनवमी

परवा एकादशी. आजचा दिवस कांदा-लसूण-वांग्याचा शेवटचा, म्हणून कांद्याची भजी घरोघरी. मी भरिताचा हट्ट धरला, तपासणीसाठी. माय नको म्हणाली, मी ऐकलं नाही.

तीच जात, इथलीच वांगी, डिसेंबरचीच मापं, पऱ्हाट्यासुद्धा. वांगी 2 किलो, गर निघाला 1 किलो 90, म्हणजे डिसेंबरपेक्षा किलोमागं सत्तर ग्रॅम कमी, आणि तोही बियाळ. पऱ्हाट्या दमट, धूर फार, आच कमी. भरिताला कडेनं पाणी सुटलं. लेकीच्या भरितापेक्षा बरं, डिसेंबरच्या जवळपासही नाही.

मायनं माझ्या ताटात भजी वाढली. काही बोलली नाही, पण भजीचं ताट माझ्याकडे दुसऱ्यांदा सरकवलं.

भरिताच्या कागदावर आता सगळ्यात वर लिहिलंय: डिसेंबर ते फेब्रुवारी. इतर महिन्यांत करू नये. जांभळ्या वांग्याचं करायचंच असेल तर त्याला दुसरं काही नाव द्यावं.

13 जुलै

कटुर्ली (रानभाजी) आली, पहिली, सातपुड्याच्या बाजूची. चिरून तेलावर परतली, मीठ-तिखट. 250 ग्रॅम, चार माणसं, दोन मिनिटांत ताट रिकामं. मोजण्यासारखं काही नाही.

20 जुलै

मागच्या आठवड्यात लेकीला एसटीनं पाच किलो कळणा पाठवला, सोबत नवा कागद. त्यात रकाने: ज्वारी दादर, मार्च 2025. दळल्याची तारीख 12 जुलै. पहिले आठ दिवस साधं पाणी, 200 ग्रॅमला 165 मिलीपासून सुरुवात, पावसाळी हवेत कमी लागेल. त्यानंतर गरम पाणी, बोट घालवेल पण ठेवता येणार नाही इतकं. मळणे चार मिनिटं, तळहाताच्या टाचेनं. मीठ पिठात आहे, परत घालू नये. पुण्यातल्या गिरणीत दळायचं झालं तर गव्हावर दळू नये.

आज सकाळी तिचा फोटो आला. भाकरी, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. गोल आहे. कडा फुटलेल्या नाहीत. मी फोटो मोठा करून मायच्या डोळ्यांपुढे धरला. तिनं चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, "मांगची बाजू दाखव."

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, खाऊन टाकली.